गाडीच्या नाकावरचा हार

माझा उजवा पाय नोकरीला होता आणि बाकीची मी त्याच्यासोबत हजेरी लावायचे, असं म्हटलं तर फारसं खोटं होणार नाही. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी असतो तसाच एक ब्रेक डावीकडे बसलेल्या मास्तरणीच्या पायाशीही असतो, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. शिकणाऱ्यांनाही ते पहिल्या दिवशी सांगायचं नसतं. सांगितलं की मंडळी निर्धास्त होतात आणि दुकानांच्या पाट्या वाचत बसतात. समोरून टेम्पो आला आणि बाईंनी घाबरून डोळे मिटले, की मी आपला पाय दाबायचा आणि वर म्हणायचं, "वा, छान थांबवलीत!" पुण्यातल्या कितीतरी बायकांचा आत्मविश्वास मी असा वाढवलेला आहे.

या पायाला घरीही सुट्टी नसायची. टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग सुरू झाला की आमचा टीपॉय सरकायचा. नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसले की मी पायाने ब्रेक शोधायचे आणि तोंडाने "हळू, हळू" म्हणायचे. शेवटी एकदा सारसबागेपाशी स्कूटर बाजूला घेऊन ते म्हणाले, "सुनंदा, तू रिक्षाने ये."

पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा मी स्कूलची गाडी विकून टाकली. वाटलं, संपलं आपलं काम. पण नेमक्या त्याच सुमारास स्वतःच ब्रेक लावणाऱ्या गाड्या आल्या आणि माझ्याकडे एक नवीनच गिऱ्हाईक येऊ लागलं. या मंडळींना गाडी उत्तम चालवता येत होती. त्यांना गाडीशी जमवून घेता येत नव्हतं. "मॅडम, नुसत्या शेजारी बसा, हिची भीती वाटते," असं सांगून लोक बोलवायचे. मग मी त्यांच्या गाडीत डावीकडे जाऊन बसायचे. तिथे माझ्या पायाशी ब्रेक नसायचा, नुसती मॅट असायची. ती मी इतकी दाबायचे की एका गृहस्थांनी मला नवी मॅट आणून द्यायला लावली.

हे प्रकरण आहे काय, ते थोडक्यात सांगते. काचेवर आरशामागे एक कॅमेरा असतो आणि गाडीच्या नाकात, म्हणजे पुढच्या जाळीत, रडार असतं. समोर गाडी किंवा माणूस आलं आणि तुमचा पाय हलला नाही, की गाडी आधी टुंग टुंग करते, आणि तरीही तुम्ही ढिम्म असाल तर स्वतःच कचकन ब्रेक लावते. कॅम्पातल्या नसीमभाभींना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्या सासूबाई! आधी टोकणार, मग हातातला झारा काढूनच घेणार." त्यानंतर टुंग झालं की त्या मोठ्यांदा "जी अम्मी!" म्हणून ब्रेक दाबायच्या. इतक्या लवकर तयार झालेली दुसरी शिष्या मला मिळाली नाही.

उलट बाणेरच्या एका तरुण इंजिनिअरला परीक्षा घेतल्याशिवाय चैन पडेना. "मॅडम, फीचर टेस्ट केल्याशिवाय मी ट्रस्ट कसं करणार?" असं म्हणून त्याने सोसायटीच्या पार्किंगमध्ये फ्रीजचं रिकामं खोकं उभं केलं आणि त्याच्यावर गाडी सोडली. मी मॅट दाबली. गाडीने मात्र खोक्याला मुळीच भीक घातली नाही. तिला माणसं आणि वाहनं ओळखायला शिकवलेलं असतं, फ्रीजची खोकी नव्हे. शिवाय खोकं रिकामंही नव्हतं. त्याची बायको वरून गॅलरीतून ओरडली, "अरे, गणपतीचं मखर होतं त्यात!" पुढची टेस्ट त्याची घरी झाली, तिथे मी नव्हते.

पण या सगळ्यांत मला पुरून उरले ते शनिवार पेठेतले नगरकर.

नगरकर विमा कंपनीतून निवृत्त झालेले. मोटारींच्या अपघातांचे दावे तपासणं हे त्यांचं काम. म्हणजे लोकांनी "अचानक म्हैस आडवी आली" असं लिहायचं आणि यांनी त्या म्हशीचा पत्ता विचारायचा. समोरचा माणूस खोटं बोलतोय अशी सुरुवातीलाच खूणगाठ बांधून ऐकायची सवय त्यांना तेव्हापासूनची. आम्हाला चहा देताना शालिनीताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, "साखर घातलीय" म्हटलं, तरी त्यांनी एक घोट घेऊन खात्री केली.

मला बोलावलं होतं त्यांच्या मुलीने. मंजिरी वारज्याला राहते, आयटीत आहे. वडिलांची जुनी गाडी मोडीत निघाल्यावर तिने स्वतःच्या नावावर ही नवी गाडी घेऊन त्यांना दिली. त्यामुळे गाडीचं ॲप तिच्या मोबाईलवर. गाडीने स्वतःहून ब्रेक लावला की तिच्या मोबाईलवर मेसेज जायचा. तो आला की ती मीटिंग सोडून फोन करायची, आणि तो फोन गाडीच्या स्पीकरवर वाजायचा. "बाबा! काय झालं? कोणाला लागलं का?"

"कोणाला काही झालेलं नाही. तू फोन केलास म्हणून मी दचकलो, एवढंच," नगरकर म्हणायचे.

मंजिरी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, मेसेजवर मेसेज येतात हो. दसऱ्यापर्यंत तुम्ही त्यांच्यासोबत बसा आणि मला खरं काय ते सांगा. त्यांना जमत नाही असं तुम्ही म्हणालात, तर दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला येईन आणि किल्ली घेऊन जाईन."

किल्ली गेली असती तर नगरकरांचं फार बिघडलं नसतं. पेठेत त्यांचं सगळं पायीच व्हायचं. अडचण होती ती शालिनीताईंची. त्यांची मोठी बहीण लोणी काळभोरला असते, अंथरुणाला खिळलेली. दर गुरुवारी शालिनीताई तिची वेणीफणी करायला जायच्या. गुडघ्यांमुळे त्यांना बसची पायरी चढवत नव्हती आणि रिक्षावाले लोणीचं नाव काढलं की मान वळवायचे. "मी गेले नाही तर तिचे केस आठवडाभर तसेच राहतात," एवढंच त्या मला म्हणाल्या. त्यावर मी पदर खोचून कामाला लागले.

पहिल्याच फेरीत रोगाचं निदान झालं. नगरकर गाडी वाईट चालवत नव्हते. ते पेठेतली गाडी चालवत होते. आमच्या पेठांत समोरून दुचाकी अंगावर आली, तर कोणी लगेच ब्रेक लावत नाही. एकमेकांच्या डोळ्यांत बघत पुढे जायचं, आणि अगदी शेवटी ज्याला जास्त घाई नसेल त्याने वळायचं, असा अलिखित करार असतो. स्कार्फ गुंडाळलेली मुलगी स्कूटर घालणार, हात दाखवत आजोबा रस्ता ओलांडणार, आणि सगळे सुखरूप घरी पोचणार. हा करार गाडीला कोणी सांगितलेलाच नव्हता. ती बिचारी प्रत्येक वेळी घाबरून थांबायची. मागचा हॉर्न वाजवायचा, पुढचा हसायचा, आणि वारज्याला मेसेज जायचा.

"चूक माझी नाही," नगरकर म्हणाले. "हिला लोकांवर विश्वास नाही."

"आणि तुम्हाला आहे?" मागून शालिनीताई म्हणाल्या.

मी त्यांना सांगितलं, अहो, करार विसरा. दुचाकी लांब असतानाच पाय हलका करा, पुढच्या गाडीमागे अंतर ठेवा, म्हणजे गाडीवर ब्रेक लावायची वेळच येणार नाही.

"अंतर ठेवतो. त्यात लगेच रिक्षा येऊन बसते."

"मग पुन्हा अंतर ठेवा."

"असं अंतर ठेवत ठेवत मी मागे मागे जात परत घरी पोचेन, मॅडम."

पण माणूस हट्टी असला तरी मठ्ठ नव्हता. हळूहळू मेसेज कमी झाले. बंद मात्र झाले नाहीत. दसरा जवळ आला तसे नगरकर गप्प गप्प राहू लागले आणि गाडीचं मॅन्युअल घेऊन बसू लागले. ते जाडजूड पुस्तक त्यांनी पहिल्या पानापासून वाचून काढलं. मला वाटलं, चला, अभ्यास करतायत. मी त्यांचं कौतुकसुद्धा केलं.

दसऱ्याच्या सकाळी मी गेले तेव्हा गाडीची पूजा झाली होती. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हळदीकुंकू, आणि पुढे झेंडूचा हार. हार कसला, लोडच होता. लोक हार बांधतात तो या टोकापासून त्या टोकापर्यंत झोकदार सोडतात. यांनी तो दुमडून तिपदरी करून जाळीच्या बरोबर मधोमध आवळला होता. सोबत आंब्याचा टाळा. सकाळीच पाणी मारल्यामुळे तो ओलाचिंब होता.

"केवढी ही श्रद्धा!" मी म्हटलं.

"मला पण आजच कळली," शालिनीताई म्हणाल्या.

दसरा असला तरी बहिणीला सोनं द्यायला लोणीला जायचंच होतं. शालिनीताई मागे आपट्याच्या पानांची मोठी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या, मी डावीकडे मॅटवर पाय ठेवून. शनिवार पेठेतून बाहेर पडलो. मंडईच्या बाजूला झेंडूवाल्यांची झुंबड, माणसं रस्त्यातच भाव करत होती. पण गाडीने एकदाही टुंग केलं नाही. मी खूश. नगरकर शीळ घालत होते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण हा माणूस शीळ घालणाऱ्यातला नव्हे.

लोणी जवळ आलं. उजव्या हाताला उसाचं रान, डाव्या हाताला एक टपरी. टपरीच्या आडून कच्च्या वाटेने एक ट्रॅक्टर सरळ रस्त्यावर आला. त्यालाही झेंडूच्या माळा, मडगार्डवर दोन बायका, आणि चालवणारा मान वळवून त्यांच्याशी बोलत होता. माझा पाय मॅटवर गेला. मनात म्हटलं, आता गाडी लावेल ब्रेक. गाडी काही बोलली नाही. तेवढ्यात आम्ही सगळे पुढे फेकले गेलो, टायर किंचाळले, आणि मागून आपट्याच्या पानांचा पाऊस आमच्या डोक्यांवरून पुढच्या काचेवर येऊन पडला. गाडी थांबली. ट्रॅक्टरचं मोठं चाक आमच्या नाकासमोर हाताच्या अंतरावर होतं.

ट्रॅक्टरवाला खाली उतरून आला. "आजोबा, ब्रेक लई झाक हाय की तुमचा!"

"ब्रेक नाही," नगरकर धापा टाकत म्हणाले. "पाय."

मी डॅशबोर्डकडे बघितलं. तिथे नारिंगी दिवा शांतपणे जळत होता आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, पुढचं रडार झाकलं आहे, आपोआप ब्रेक तात्पुरता बंद. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हे केव्हापासून आहे?"

"घरातून निघाल्यापासून," नगरकर म्हणाले. "मॅन्युअलमध्ये स्पष्ट दिलेलं आहे. जाळीसमोर काही बांधू नये."

"आणि तुम्ही बांधलंत!"

"दसरा होता. कोणी शंका घेतली नसती."

मी इतक्या वर्षांत शिकणाऱ्यांवर कधी आवाज चढवला नव्हता. माझा तो नियमच होता, शिकणारा घाबरला की त्याचा पायही घाबरतो. त्या दिवशी नियम मोडला. "मागे बायको बसवलीय, शेजारी मी, आणि तुम्ही गाडीचे डोळे बांधून हायवेला आणलंत?" असं मी त्यांना भर रस्त्यात ऐकवलं. ट्रॅक्टरवरच्या बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. मी खाली उतरले, तो हार ओढून तोडला आणि कुठे टाकावा ते न कळून शेवटी ट्रॅक्टरवाल्याच्या हातात दिला. "आमाला हाय वो मावशी," तो म्हणाला, पण त्याने घेतला. मी खरंच घाबरले होते. त्या गाडीत माझ्यासाठी ब्रेक नव्हता, गाडीचा स्वतःचा झाकलेला होता, आणि उरला होता फक्त सत्तरी ओलांडलेल्या एका हट्टी माणसाचा पाय. तो वेळेवर पडला, हेही मला कबूल करावं लागत होतं.

मागून शालिनीताई शांतपणे पानं गोळा करत होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "मला पण गाडी शिकायचीय. चालवणाऱ्याच्या जागेवर एक तरी शहाणं माणूस पाहिजे."

बहिणीची वेणी घातली गेली, सोनं दिलं गेलं, आम्ही परत आलो.

संध्याकाळी मंजिरी आली, हातात आपट्याची पानं आणि चेहऱ्यावर कौतुक. "बाबा, आज लोणीला जाऊन आलात आणि एकही मेसेज नाही! कमाल केलीत!"

नगरकरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. किल्ली वाचली होती. नुसतं "हो" म्हणायचा अवकाश. पण आयुष्यातला सगळ्यात सुंदर ब्रेक त्यांनी त्याच दिवशी लावला होता, आणि तो कोणाला सांगायचा तर हारही सांगावा लागणार होता. ते पाणी प्यायले, उठले, पुन्हा बसले. मंजिरीने मला विचारलं असतं तर मी सांगणारच होते, पण आधी या माणसाचं काय होतंय ते मला बघायचं होतं.

"तसं नाही," शेवटी ते म्हणाले. "मेसेज आला नाही कारण मी रडारवर हार बांधला होता. पण ट्रॅक्टर आडवा आला आणि गाडी मी थांबवली. स्वतः."

मंजिरीचा चेहरा उतरला. मग ती त्यांचीच मुलगी असल्याचं दिसलं. "ट्रॅक्टर आडवा आला. पुरावा?"

"मॅडम साक्षीदार आहेत."

"गाडीतल्याच माणसाची साक्ष तुम्ही कधी धरलीत का, बाबा?"

जन्मभर ज्यांच्या म्हशी नगरकरांनी नाकारल्या, ती सगळी माणसं त्या क्षणी त्यांच्या समोर उभी असणार.

शालिनीताईंनी किल्ली उचलून मुलीच्या हातात दिली. "खाली जाऊन गाडी बघून ये." मंजिरी गेली. काचेच्या खाली, एसीच्या जाळ्यांत, ब्रेकच्या पायथ्याशी, सगळीकडे मागच्या सीटवरून उडालेली आपट्याची पानं होती. वर आली ती एक पान हातात घेऊनच. किल्ली तिने मुठीत घट्ट धरली होती.

"मॅडम, तुम्ही सांगा. किल्ली नेऊ?"

मी म्हटलं, "पाय उत्तम आहे. तपासायचं असेल तर डोकं तपासून घ्या."

मंजिरी हसली नाही. "बाबा, आई मागे होती," एवढंच म्हणाली. तेव्हा पहिल्यांदा नगरकरांनी मान खाली घातली. "पुन्हा नाही," ते म्हणाले. या माणसाला पुराव्याशिवाय काही पटत नाही, पण त्या दोन शब्दांना मंजिरीने पुरावा मागितला नाही. किल्ली तिने आईच्या हातात ठेवली. आणि मेसेज यापुढे माझ्या मोबाईलवर येतील अशी सोय करून दिली. "मी दचकते, मीटिंगमध्ये असते. तुम्हाला निदान कळेल तरी घाबरायचं की नाही ते."

तेव्हापासून पेठेत कोणी स्कूटर मध्ये घातली की इकडे कर्वेनगरला माझा मोबाईल वाजतो आणि पोळी लाटता लाटता माझा पाय फरशी दाबतो. पाठोपाठ नगरकरांचा फोन येतो, "चूक माझी नव्हती." मी म्हणते, "म्हशीचा पत्ता पाठवा." महिना-दीड महिना असं सुरळीत चाललं होतं.

मग एका सकाळी मेसेजमागून मेसेज येऊ लागले. ओळीने. इतके तर पहिल्या दिवशीही आले नव्हते. मी पोळी तव्यावर तशीच ठेवून फोन लावला. नगरकरांनी पहिल्याच घंटीला उचलला, आणि आवाज अगदी बारीक.

"अहो नगरकर, काय चाललंय? गाडी हळू घ्या!"

"मी चालवत नाहीये. मी डावीकडे बसलोय."

"म्हणजे?"

"हिचं लर्निंग लायसन्स आलं. लोणीला गुरुवारी स्वतःच जाणार म्हणते. मॅडम, इथे डावीकडे पायाशी काहीच नाहीये हो!"

"मॅट आहे ना?"

"मॅट आहे. मघापासून दाबतोय."

"हार वगैरे?"

"नाही हो, नाक स्वच्छ आहे. हिने स्वतः पुसलं— अगं, समोर रिक्षा! शालिनी! अगं थांब, रिक्षा, रिक्षा—"

टायर करकरले. मग काहीच ऐकू येईना. माझा पाय फरशीवर टेकलेला, त्यांचा मॅटवर टेकलेला असणार. मी मोबाईल कानापासून काढून डोळ्यांसमोर धरला आणि मेसेजची वाट बघत उभी राहिले. पोळी करपल्याचा वास आला तरी उभी होते.

मेसेज आला नाही. तिकडून शालिनीताईंचा आवाज आला, "थांबवली ना मी? आता तो पाय उचला, मॅट फाटेल."